कुसुमकाकूच्या घराचं काम

तुमी मले विचारलं, सलीमभाई, एवढं चांगलं काम होतं तं बंद काहून केलं, तं मले पहिल्यापासूनच सांगा लागीन, नाई तं तुमाले वाटन गिऱ्हाइक तुटलं असन, नाई तं तब्येत बिघडली असन, तसं काही नाई जी. आमी मूळचे बार्शीटाकळीचे. माहे अब्बा तिथी वखर, तिफन, बैलगाडीचे चाकं असं काम करत, आमचं घर मुसलमानाचं पन गिऱ्हाइक सारं कास्तकार, सारे अब्बाले चाचा म्हनत, पेरनीच्या आधी आमच्या दारात मानसं बसून रायत, चाचा माही तिफन पहिले, चाचा माही पहिले. मंग ट्रॅक्टर आले, अवजारं लोखंडाची झाली, लाकडाच्या मिस्त्रीले कोन विचारते, तं अब्बानं बिऱ्हाड उचललं अन् आमी अकोल्याले आलो, अन् अब्बा घरातलं काम करू लागले, फडताळं, दारं, पलंग, देवघरं. हो, देवघरं. अब्बाच्या हातचं देवघर अकोल्यात आजही किती घरांत असन, मी मोजलं नाई.

आता काय सांगू तुमाले, अब्बाची एक रीत होती अन् त्या रीतीवरच हे सारं येऊन पडते, म्हनून ते आधी सांगतो. कोनाचं काम घेतलं का अब्बा पहिल्या दिवशी टेप खिशातून काढत नसत. सकाळच्या चहाले जात अन् दिवेलागनीले उठत. बसत नुसते. सपरीत, पुढच्या पडवीत, एका कोपऱ्यात, भिंतीले टेकून. घरातल्या बाया लाजत, घरधनी म्हने चाचा माप तं घ्या, अब्बा म्हनत घेऊन रायलो बाप्पा, घेऊनच रायलो. म्हातारा उठतो तं हात कुठी टेकवतो, बाई पान्याचा गुंड घेऊन येते तं कोनत्या खांद्यावर, पोट्टे दप्तर कुठी फेकतात, दुपारी उन्ह कुठून आत येते, हे सारं ते पाहत. मले म्हनत, सलीम, घर काही भिंतीचं नसते बेटा, घरात मानसाची एक वाट पडलेली असते, वावरात पायवाट पडते तशी, ते वाट पाह्य अन् तिच्या बाजूनं लाकूड लाव, वाटेत नको लावू. याले आमच्या घरी बसनं म्हनत. अब्बा बसले का? हो बसले. म्हंजे काम पक्कं.

कुसुमकाकूचं घर अब्बानं असंच बसून केलं होतं. काकू म्हंजे तेल्हाऱ्याकडच्या मोठ्या कास्तकाराची सून, काका इकडे शाळेत मास्तर होते, गावचं वावर बटईनं दिलेलं, अन् अकोल्यात त्याइनं हे घर बांधलं. काकू नवी नवरी होती तवा. अब्बा दिवसभर बसले अन् संध्याकाळी काकाले म्हनले, मास्तर, बाई डावखुरी आहे. काकाले माहीतच नोयतं! सासूच्या धाकानं काकू मानसांसमोर उजव्या हातानं वाढे, उजव्या हातानं भाकर थापे, अन् कोनी नसलं का डाव्या हातानं. अब्बानं कोपऱ्यातून पाहिलं. मंग अब्बानं सारं तिच्या डाव्या हाताच्या हिशोबानं केलं, अन् ते बुटकी, तं ओटाही तिच्या कोपराच्या मापानं, तीस इंच, अन् सासूले सांगितलं का जागाच अशी आहे माय, दुसरीकडून बसत नाई. काकूनं हे अब्बाले कधी बोलून नाई दाखवलं, पन दिवाळीले तिच्या घरून आमच्या घरी डबा येई अन् ईदले आमच्या घरून शेवया जात, अन् घराची एक चावी आमच्या दुकानात खिळ्यावर कायमची लटकलेली. काका वारले, अब्बा वारले, तरी चावी तिथीच. मीही काकूले काकूच म्हनो, अन् ते मले सलीम, अरे-तुरे, माही माय गेल्यावर मले अरे-तुरे करनारी तेच एक उरली होती.

मी अब्बाच्या हाताखाली तयार झालो अन् मंग जमाना बदलला. प्लाय आलं, सनमायका आला, मॉड्यूलर आलं. मीही शिकलो, मागं नाई रायलो. पुतन्यानं पाटीवर इंटेरिअर डिझायनर लिहाले लावलं. पुतन्या कॉम्प्युटरवर घर काढून दाखवे, गिऱ्हाइक मोबाइलवर पाहून म्हने हा रंग नको, तो द्या, झालं. बसनं हळूहळू बंदच पडलं. लोकाइलेच नको होतं ना जी. दोघंही नोकरीवर, घराले कुलूप, कोनाच्या घरात बसू? एक बाई तं म्हनली, भाऊ तुमी काम कराले आले का बसाले? तं मीही म्हनलं जाऊ द्या. अन् माही एकच गोष्ट लय वाखानली जाई, ते म्हंजे फिनिशिंग. माह्या कामात हात कुठी अडकत नाई. मी गिऱ्हाइकाले म्हनो, डोळे मिटा अन् ओट्यावरून, फडताळावरून हात फिरवा, जिथी अडकन तिथी मले सांगा. कोनाचा अडकला नाई. डोळे मिटा म्हनो मी.

तं झालं असं. काकूचा लेक प्रशांत, पुन्याले कंपनीत आहे, चांगला पोरगा, वाईट नाई, हे आधी लिहा, त्याले वाईट लिहू नका. त्याच्या बायकोचं बाळंतपन होतं तं त्यानं काकूले दीड महिन्यासाठी तिकडे नेलं. जायच्या दिवशी काकूनं मले बोलावलं अन् म्हनली, सलीम, तुळशीले रोज पानी घालजो, अन् घरातल्या कोनत्याच वस्तूले हात लावू नको, झाडझूडही करू नको, जसंच्या तसं राहू दे. मी म्हनलं हो काकू. मले वाटलं म्हाताऱ्या मानसाचं असतेच तसं, वस्तूवर जीव.

चार दिवसानं प्रशांतचा फोन. सलीमभाऊ, आईले सरप्राइज द्याचं आहे. घर सारं नवं करून टाका. आईनं जलमभर त्या अंधाऱ्या सैपाकघरात काढलं, आता तिले सुखाचं करून द्या. मधातली भिंत पाडा, मोकळं करा, आजकाल तसंच असते. उंबरठे काढून टाका, आईचे गुडघे दुखतात, ठेच लागन. अन् तिले काही सांगू नका. मी म्हनलं प्रशांत, काकू म्हनून गेली हात लावू नको. तं तो हासला, म्हने आई प्रत्येक गोष्टीले आधी नाईच म्हनते, मंग आवडते तिले. अन् खरं सांगू का, मलेही हाव सुटली. पैशाची नाई हो. त्या घराची. अब्बानं जे घर केलं ते मी आता माह्या हातानं करीन, अब्बापेक्षा चांगलं करीन, काकू पाहीन अन् म्हनन सलीम, तू तं बापाच्या पुढं गेला. हे होतं माह्या मनात.

मी बसलो नाई. बसाले काकूच घरात नोयती. पन मले वाटलं बसायची गरजच काय, या घराचं सारं मले माहीत आहे, काकू डावखुरी आहे, तीस इंचाचा ओटा पाहिजे, कप्पे डाव्या हाताले पाहिजे, मी सारं तसंच घेतलं, पुतन्याले ताकीद दिली का कागदावर काहीही असो, या घरात सारं डावं. मी तिच्या गरजेचंच केलं जी. पन ते गरज होती चाळीस वर्सांआधीची, अब्बानं पाहिलेली. आताची मी पाहिलीच नाई.

अन् दिसलं नाई असंही नाई, हेच तं मले खाऊन रायलं आहे. जुनं काढताना मले सैपाकघराच्या चौकटीत खिळे दिसले, वाकडेतिकडे ठोकलेले, एक कंबरेएवढा उंच, एक खांद्याएवढा. फडताळाच्या कडेले सुरीनं कापलेल्या खाचा, एका कप्प्याले एक, दुसऱ्याले दोन, तिसऱ्याले तीन. मसाल्याच्या डब्यांच्या झाकनाले सुतळीच्या गाठी. पलंगाच्या पायाले चिंधी बांधलेली. मी दिनेशले, माह्या कारागिराले म्हनलं, पाह्य, अब्बानं काय कडा घासून दिल्या होत्या अन् म्हातारीनं काय हाल केले. सारं काढलं. गाठी सोडल्या, डबे फेकले, नवे काचेचे एकसारखे बारा डबे आनले. चौकटच काढली. अन् नवीन काम असं गुळगुळीत केलं, दांड्या नाई, मुठी नाई, बोटानं दाबलं का कप्पा आपोआप बाहेर येते असं. दिनेश म्हने भाऊ, असं काम आपन आजवर केलं नाई. खरंच नोयतं केलं.

काकू दर चार-पाच दिवसानं फोन करे. सलीम, तुळशीले पानी घालून रायला न? हो काकू. घर ठीक आहे न? हो काकू, जसंच्या तसं आहे. मागून कटर चालू, भिंत पडून रायली, अन् मी म्हनतो जसंच्या तसं आहे. एकदा म्हनली आवाज कायचा येते रे? मी म्हनलं बाजूवाल्याचं काम चालू आहे काकू. असं मी खोटं बोललो, एकदा नाई, सात-आठ बारी बोललो, अन् मनातल्या मनात खुश होतो का कसं सरप्राइज होईन.

आली ते. प्रशांत गाडीनं घेऊन आला, दारात आमी सारे उभे, मी, दिनेश, माही बायको शबाना, बाजूच्या बाया, प्रशांत मोबाइल धरून पुढं. काकूनं पाय उचलला. उंबरठा ओलांडाले उचलतो तसा, उंच. उंबरठा नोयता. पाय तिथी जाऊन आपटला अन् ते जरा हेलकावली, प्रशांत म्हने सावकाश आई, पाह्य न काय आहे ते! तिचा हात बाजूले गेला, खांद्याएवढा, अन् भिंतीवर फिरत रायला, फिरत रायला. सारे म्हनले माय व, कशी हात लावून पाहून रायली, आवडलं वाटते. ते हासली. म्हनली छान केलं, लय छान केलं. मंग म्हनली, सलीम आहे का इथी? मी तिच्या समोर उभा होतो जी, दोन हातावर. मी म्हनलं हा काय काकू. तं म्हनली, सैपाकघराचं दार कुठी आहे रे? सारे हासले. प्रशांत म्हने दारच नाई ठेवलं आई, आता सारं मोकळं आहे! अन् मीही हासलो. काकूनं पदरानं तोंड पुसलं, अन् बाया म्हनल्या आनंदानं डोळे भरून आले.

प्रशांतची सुट्टी दोन दिवसाची, तो गेला. तो गेल्यावर पाचव्या दिवशी मी गेलो, एका फडताळाच्या दाराचं कबजं ढिलं रायलं होतं ते बसवाले. दार उघडंच. काकू दाराच्या आत, खाली फरशीवर सतरंजी टाकून बसलेली. बाजूले पान्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, एका वाटीत भिजवलेले पोहे. तिथीच झोपत होती ते, तिथीच बसत होती, मागचं न्हानीघर भिंत धरून धरून गाठत होती, बाकी घरात गेलीच नाई. शेगडी पेटवली नोयती पाच दिवसांत. मी म्हनलं काकू हे काय? तं म्हनली, दार लाव सलीम. लावलं. म्हनली, मले दिसत नाई रे. सहा वर्सं होऊन रायले. पहिले बाजूबाजूनं गेलं, मंग मधातलं, आता दाराकडे उजेड आहे एवढंच समजते, म्हनून इथी बसली.

मी खालीच बसलो तिच्याजवळ. म्हनलं काकू, सांगितलं काहून नाई कोनाले. म्हने कोनाले सांगू, प्रशांतले सांगितलं असतं तं त्यानं दुसऱ्या दिवशी नेलं असतं, सातव्या मजल्यावर खुर्चीत बसवलं असतं. आत्ता पुन्याले दीड महिना तसाच काढला, गुडघे दुखतात म्हनून बसून रायली, कोनाले कळू नाई दिलं. इथी मले डोळे लागत नोयते. पलंगापासून अकरा पावलं, चौकटीचा खिळा, तिथून तीन पावलं ओटा. एक खाच साखर, दोन खाचा तिखट-मीठ, तीन खाचा डाळी. तुह्या अब्बानं सारं माह्या हाताखाली आनून ठेवलं होतं, म्हनून मले जमलं. तू तं सारं पुसून टाकलं रे सलीम. रागानं नाई म्हनली. रागावली असती तं बरं झालं असतं, मले दोन थापडा मारल्या असत्या तं मी घरी जाऊन भाकर खाल्ली असती.

मंग मले म्हनली, प्रशांतले सांगू नको, तुले तुह्या अब्बाची शपथ. अब्बाची शपथ घातली. मी काय करो सांगा. मी म्हनलं काकू, मी सारं पहिल्यासारखं करून देतो, पंधरा दिवस द्या. अन् त्या दिवशी मी बसलो. जे दीड महिन्याआधी कराचं होतं ते तवा केलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलो अन् काकूले म्हनलं चाला, तुमी चाला, मी पाहतो. ते हात पुढं करून चाले, भिंत नाई तिथी भिंत शोधे, अन् एकसारख्या बारा डब्यांसमोर उभी राहून एकेक उघडून नाकाले लावे. मी कोपऱ्यात बसून पाहून रायलो अन् रडून रायलो, आवाज न करता, पन तिले समजलं. म्हनली, सर्दी झाली का रे?

दुसऱ्या दिवसापासून मी एकटा जात रायलो. दिनेशले नेलं नाई, त्यालेही सांगितलं नाई. आरशासारख्या सनमायक्यात मी माह्या हातानं खिळे ठोकले. पटाशी घेतली अन् कडेले खाचा पाडल्या, एक, दोन, तीन. डब्यांच्या झाकनाले गाठी बांधल्या. काकू हात लावून सांगे, जरा खाली, हां, जरा डाव्या बाजूले, हां इथी. भिंत तं आता उभी करता येत नोयती लगेच, म्हनून पलंगापासून ओट्यापर्यंत कंबरेएवढ्या उंचीवर दोर बांधला. ते दोर धरून चालली अन् हासली, म्हने बैलावानी दाव्याले बांधलं मले. आठव्या दिवशी तिनं शेगडी पेटवली. चहा केला. डाव्या हातानं. मले कप दिला अन् म्हनली, पाह्य, साखर बरोबर आहे का? बरोबर होती. मले वाटलं अल्लानं माफ केलं आपल्याले.

बाहेरच्या दाराचा उंबरठा रायला होता. ते काम दगडाचं, माहं नाई, फरशीवाला म्हनला परवा येतो. मी काकूले म्हनलं परवा बसवतो उंबरठा, तोवर बाहेर निघू नका. म्हनली नाई निघत. अन् सकाळी तुळशीले पानी घालाले निघाली. सहा वर्सं तिच्या पायाले उंबरठा सांगत होता का इथी घर संपलं, आता दोन पायऱ्या आहेत. उंबरठाच नाई तं पायाले समजलंच नाई का घर संपलं. पडली. खुबा मोडला. हातात तांब्या तसाच. बाजूच्या बाईनं मले फोन केला, मी पोचलो तं पायरीवर पडली होती अन् मलेच म्हनते, तुहा दोष नाई रे, मलेच घाई झाली.

ऑपरेशनसाठी अमरावतीले नेलं. प्रशांत आला. डॉक्टरनं त्याले डोळ्याचंही सांगितलं. तो पोरगा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडला. मंग घरी जाऊन आला, खिळे पाहिले, खाचा पाहिल्या, दोर पाहिला, अन् मले म्हनला, सलीमभाऊ, तुमी रोज जाऊन रायले होते. तुमाले माहीत होतं. मले एक फोन नाई केला? मी म्हनलं काकूनं शपथ घातली होती. म्हने शपथ! अन् मी जे म्हनलं होतं आईले सांगू नका, ते बरं ऐकलं तुमी. खरंच बोलला तो. आईपासून लेकाचं लपवलं, लेकापासून आईचं लपवलं, अन् दोन्ही बारी मले वाटलं मी भलं करून रायलो.

शबाना म्हनली काकूले आपल्या घरी आना, मी करीन तिचं, माही सासू असती तं केलंच असतं. मी प्रशांतले विचारलंही. त्यानं हात जोडले, नको म्हनला, आता कोनाच्या भरवशावर नाई ठेवत. काकू पुन्याले जायले काही केल्या तयार नाई, तं मंग अमरावतीलेच, वलगावच्या रस्त्याकडे, म्हाताऱ्या मानसाइले ठेवतात अशी एक जागा आहे, नर्स आहे, तिथी ठेवलं. तिले सांगितलं खुबा बसला का घरी. अन् इकडे घर विकलं. मले प्रशांत म्हनला, आईले समजू देऊ नका, तिच्यानं सहन होनार नाई. पाह्यलं का, पुन्हा मलेच सांगितलं. नवीन घरवाल्यानं खिळे उपटले, भोकं अन् खाचा बुजवल्या, अन् मले बाजारात भेटला तं म्हने, मिस्त्री, काय फिनिशिंग आहे तुमची, हात कुठी अडकत नाई.

तवापासून मी घरं घेत नाई. पाटी उतरवली. पोळपाट, लाटनं, पाट, कोनाचा खुर्चीचा पाय, असं करतो. पुतन्या वेगळा झाला, तो करते, चांगलं चालते त्याचं. त्याले मी एकदा म्हनलं, काम घ्याच्या आधी एक दिवस बसत जाय बेटा, तं तो म्हनला चाचा, आता लोक फॉर्म भरून देतात, त्यात सारं असते, किती मानसं, काय आवडते, काय लागते. मी म्हनलं काकूनं फॉर्म भरला असता तं डोळ्याच्या जागी काय लिहिलं असतं? तवाच त्याचा मोबाइल वाजला अन् तो निघून गेला. मलेही समजते, त्याचा काय दोष. मी ज्याले बसनं म्हनतो ते आता कोनाले नको आहे, अन् जिले पाहिजे होतं तिच्या घरी मी बसलो नाई. काही हातात रायलं नाई जी. लोक म्हनतात एवढं कायले लावून घेते, तू थोडीच मुद्दाम केलं. मुद्दाम केलं असतं तं माफी तरी मागता आली असती.

महिन्यातून एकदा मी एसटीनं अमरावतीले जातो. मूर्तिजापूर, बडनेरा, मंग तिथून ऑटो. काकू पलंगावर असते. आता चालत नाई, खुबा बसलाच नाई नीट, बसनारही नाई. तिच्या उशाशी भिंतीले मी एक खिळा ठोकाले गेलो होतो, पान्याचा तांब्या कुठी आहे ते समजावं म्हनून, तं तिथले लोक म्हनले भिंत खराब होते, नको. बरोबर आहे त्याइचं. मी गेलो का काकू माहा हात धरते, बोटं चाचपते, म्हने रंधा कमी झाला वाटते, घट्टे नरम पडले तुहे. मंग म्हनते चावी आनली का? मी खिशातून चावी काढून तिच्या हातात देतो. त्या दारावर आता दुसरं कुलूप आहे, हे चावी कशालेच लागत नाई, पन ते बोटानं दाते मोजते अन् परत देते, म्हने सांभाळून ठेव, उन्हाळा सरला का जाऊ. घर ठीक आहे न? हो काकू, जसंच्या तसं आहे. खिळे आहेत न? आहेत काकू. उंबरठा बसवला? बसवला.

अन् मंग म्हनते तुळशीले पानी? घर विकलं तवा मी ते तुळस खोदून तेलाच्या डब्यात लावून माह्या अंगनात आनून ठेवली होती. वैशाखात ते वाळली, शबानानं सावलीत ठेवली, खत घातलं, काही झालं नाई, आता नुसती काडी उभी आहे. त्या काडीले मी रोज सकाळी तांब्याभर पानी घालतो. लोक हासतात, मुसलमानाच्या अंगनात तुळस, तेही वाळलेली. हासू द्या. काकूसंग मी एवढं खोटं बोललो, तं तेवढं एक तरी खरं असावं म्हनून घालतो. मी म्हनतो हो काकू, आजही घालून आलो. तं ते माह्या डोक्यावर हात ठेवते, डावा, अन् म्हनते, तुह्या हाताले यश येवो रे बाबा.